सुनेच्या तोंडी घातलेलं वाक्य

माझी वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं कापून आली की ती फ्रेममध्ये बसवायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून बघायची, कानामागची काडी गरम करून जराशी वाकवायची. दिवसभर उभं राहून जगाला स्वच्छ दाखवणारी ही बाई स्वतःचा चष्मा ओढणीच्या टोकाने पुसते, आणि पुसून झाल्यावरही त्यावर पिठाचं बोट उमटलेलं असतंच.

पस्तिशी उलटल्यावर तिने समाजशास्त्राच्या मोठ्या पदवीला नाव घातलं. घरात सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "कर की. तुला कोण अडवतंय?" दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. बायकोला अडवलं नाही की तिला मदत केल्याचं पुण्य लागतं, असं मानणाऱ्या जातीतला. नळजोडणीच्या कार्यालयात असतो. तिथे दुसऱ्यांच्या अर्जावर मंजूर किंवा नामंजूर लिहितो आणि घरी आल्यावरही हातातलं पेन खाली ठेवत नाही.

मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात आहे. बाह्या आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल. लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही हे विचारणाऱ्याची पँट मी मुद्दाम एक बोट आखूड शिवते. आईचं डावं अंग गेलं तेव्हापासून आमच्या घराचं सगळं तिच्या पलंगाभोवती फिरतं. पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी आहे, म्हणजे तिला रस्ता दिसतो आणि तिला घरातलं सगळं ऐकू येतं. तिचं अंग गेलं, कान नाही गेले.

आईचं करायचं ते वहिनी करायची. मी पोटची मुलगी, पण मला ते जमत नाही, हे सरळ सांगते. अंग पुसताना मी पाणी पलंगभर सांडते, आणि आई ओरडली की मी तिच्याहून मोठ्याने ओरडते. वहिनी ओरडायची नाही. गोळ्यांच्या खणांच्या डब्यात ती आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवायची. रक्त पातळ ठेवणारी, दाबाची, झोपेची. सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने जिभेवर ठेवायची, पाण्याचा घोट द्यायची, आणि गिळली का हे बघायला म्हणायची, "आई, आ करा." आई आ करायची. एवढी आज्ञाधारक ती आयुष्यात कुणाशी नव्हती.

आता अभ्यासाचं. प्रबंधाला विषय हवा होता. बरोबरच्या विद्यार्थ्यांनी भारदस्त विषय घेतले. स्थलांतर, बेकारी, वगैरे. हिने घेतला मोबाइलवरचा खेळ. म्हणजे खेळ नव्हे, खेळणारी माणसं. एकमेकांचं तोंडही न बघता ती रोज एकत्र कशी येतात, एकमेकांची कोण लागतात, हे शोधायचं होतं. आईने ऐकलं आणि उजव्या हाताने कपाळ बडवून घेतलं. "खेळावर पदवी? मग पत्ते कुटणाऱ्यांना डॉक्टर म्हणत जाऊ का आम्ही?"

तो खेळ बंदराचा होता. काही माणसं मिळून एक बंदर चालवतात. कोणी जहाजं आत घेतं, कोणी माल उतरवतं, कोणी दोर ओढतं, आणि एक जण दीपस्तंभावर दिवा लावून बसतो. रोज ठरलेल्या वेळी भरती येते, त्या वेळी सगळ्यांनी हजर राहायचं, नाहीतर जहाजं खडकावर. खऱ्या नावाने तिथे कोणी नसतं. बंदर बघणाऱ्याला कप्तान म्हणायचे. वहिनीचं नाव पडलं चष्मा. दीपस्तंभावर बसणारीला सगळे दिवा म्हणायचे.

वहिनीने पहिल्याच दिवशी त्यांना उघड सांगितलं होतं की मी विद्यार्थिनी आहे, तुमच्याबद्दल लिहिणार आहे, नको असेल तर आत्ताच सांगा. मार्गदर्शक बाईंचा तसा दंडकच होता. बंदरातल्या लोकांनी आपसात ठरवून उत्तर दिलं, लिही, पण आम्ही कोण ते कुणाला कळता कामा नये. हिने शब्द दिला. माझ्या वहिनीने शब्द देणं म्हणजे काय, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही.

भरती यायची ती नेमकी स्वयंपाकाच्या वेळी. साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा, एका हातात उलथनं, दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर. मध्येच पुढच्या खोलीतून आईची हाक. मग वहिनी मला ओरडायची, "वन्सं, दोर धरा!" वन्सं ही हाक आता कोणी मारत नाही. मला चिडवायला म्हणून ती मारायची, आणि मला ती आवडायची. एकदा मी दोर धरला आणि लाकडाने भरलेलं जहाज सरळ खडकावर घातलं. त्या बुडालेल्या लाकडाबद्दल कप्तानाने मला अजून माफ केलेलं नाही.

बाकीचा अभ्यास असाच तुकड्यातुकड्यांनी व्हायचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर वाचन. इस्त्री करताना कानात मुलाखती. आईला भरवताना एक घास तिला, एक ओळ हिला. तारेवरची कसरत म्हणतात ती हीच. फक्त तारेवर चालणाऱ्याला खालून लोक टाळ्या तरी देतात. हिला खालून दादा विचारायचा, "माझे मोजे कुठे आहेत?"

त्या बंदरात वहिनी रमली होती. ती कबूल करायची नाही. मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं ना, थोडं अंतर ठेव म्हणून. पण चष्मा आज उशिरा का आली, चष्म्याच्या सासूबाई कशा आहेत, असं तिथे विचारणारे होते. आमच्या घरात वहिनी कशी आहे हे कोणी विचारत नव्हतं. त्यात मीही आले.

सगळ्यांत तिचा जीव होता दिव्यावर. दिवा कधीही बघावं तेव्हा दीपस्तंभावर हजर असायची. वहिनीने एकदा तिला विचारलं, तुला घरदार नाही का? तर म्हणाली, घरातच असते, म्हणून तर इथे असते. एका रविवारी दुपारभर वहिनीने दार लावून तिची मुलाखत घेतली. खोलीबाहेर आली तेव्हा चष्मा हातात आणि डोळे लाल.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही. माझं नाही, दुसऱ्याचं आहे."

एवढंच बोलली आणि आईला आ करायला लावायला गेली.

दिवाही घरी कुणा आजाऱ्याचं करत होती, आणि तिने त्या दिवशी सांगितलेलं एक वाक्य प्रबंधात गेलं. मी ते पुढे इतक्यांदा ऐकलं की पाठ झालंय. "रोज गोळी हातात घेते तेव्हा वाटतं, आज विसरले तर? मग देते. रोज देते. पण रोज वाटतं."

हे जिचं वाक्य तिच्या घरच्या कुणी चुकून वाचलं, तर त्या बाईचं काय होईल? मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, नाव काढलंस तेवढ्याने भागत नाही. घर बदल, नाती बदल, आजार बदल, तिची सख्खी माणसं वाचायला बसली तरी ओळख पटता कामा नये. असं करायची त्यांच्यात रीतच आहे. आम्ही नाही का, जुन्या कपड्याचा रंग बदलून, गुंड्या बदलून, दुसऱ्याला घालायला देत?

वहिनीने घर बदललं. माणूस बदलायला बसला की हाताशी असतं ते घालतो. तिने दिव्याला सून केलं. घरात सासू घातली. सासूचं डावं अंग लुळं केलं, पलंग खिडकीपाशी नेला, गोळ्यांना खणांचा डबा दिला. नवरा कचेरीतला. एक बिनलग्नाची नणंद, नोकरी करणारी. लिहिताना तिला वाटलं, आता दिव्याच्या दारापर्यंत कोणी पोचणार नाही. आणि तसंच झालं. सगळे आमच्याच दारापर्यंत आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, हिच्या कळशात आम्ही सगळे बसलेलो होतो आणि हिला दिसलो नाही.

दिसलो का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ते वाक्य तिचं नव्हतंच, म्हणून. मनात पाप असतं तर तिने आमचं घर मैलभर लांब ठेवलं असतं.

प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी कौतुक केलं. सोनेरी अक्षरांची जाड प्रत घरी आली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "माझ्या घरास." दादाने ते पान उघडून आईला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं. आतलं एक अक्षर वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी बगलेत मारून कार्यालयात घेऊन गेला, म्हणे, कळू दे सगळ्यांना माझी बायको काय आहे ते.

कळलं. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने चहा पिता पिता पानं चाळली, एका पानावर थांबला, पुन्हा वाचलं आणि हळूच विचारलं, "आई बऱ्या आहेत ना तुझ्या? जरा लक्ष ठेव बाबा."

दादा जेवायच्या सुट्टीतच घरी आला. माझा त्या दिवशी आठवडी सुट्टीचा दिवस, आणि वहिनी दुपारचं आईला भरवून परत कामावर निघण्याच्या बेतात होती. त्याने प्रत जेवणाच्या टेबलावर आपटली आणि पान उघडून बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

वहिनीने वाचलं. स्वतःच लिहिलेलं ती पहिल्यांदा वाचत असल्यासारखी वाचत राहिली. मग तिचा चेहरा उतरला. खिडकी, डबा, नणंद, सगळं तिला त्या क्षणी दिसलं. मीही तिच्या खांद्यावरून वाचलं. मी होते त्यात, अर्धी ओळ.

"हे माझं नाही हो," ती म्हणाली. "एका मुलाखतीतलं आहे. मी फक्त घर बदललं."

"बदललं? हे बदललेलं घर आहे? हा डबा कुणाचा? हा पलंग कुणाचा?"

"बदलताना आपलं आलं. चुकलं माझं. पण वाक्य माझं नाही."

"मग कुणाचं आहे? सांग. नाव सांग, मोबाइल दाखव, विषय संपला."

हे खरं होतं. विषय संपला असता. मोबाइल तिच्या हातात होता, दिव्याचा आवाज त्यात होता. एक बटण दाबायचा अवकाश. मीसुद्धा म्हटलं, "वहिनी, दाखव आणि मोकळी हो. तो काय त्या बाईच्या घरी जाणार आहे?"

"मी शब्द दिलाय."

"तिला शब्द दिलास," दादा म्हणाला, "आणि मला?"

वहिनीने प्रत मिटली. मला वाटलं, आता बोलेल. आता ती त्याला विचारेल, तुझ्या आईचं अंग आजवर कोणी पुसलं? तू एकदा तरी तो डबा भरलास का? मी तिच्या जागी असते तर त्याची सालटी काढली असती. ती फक्त म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवा." जगातलं सगळ्यांत निरुपयोगी वाक्य. ज्याला ठेवायचा असतो त्याला ते सांगावं लागत नाही.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून आईचा आवाज आला. "काय लिहिलंय रे तिने?"

आणि माझ्या भावाने, माझ्या शहाण्या भावाने, आईला ते वाचून दाखवलं. मी मध्ये पडेपर्यंत वाचून झालंही होतं. आई खिडकीबाहेर बघत राहिली. संध्याकाळी वहिनी गोळ्या घेऊन गेली आणि म्हणाली, "आई, आ करा," तेव्हा आईने तोंड घट्ट मिटून घेतलं.

घरी सांगायची परवानगी वहिनीने दिव्याकडे मागितली. नाव नको, आवाज नको, नुसतं दोन ओळींत लिहून दे की ते माझं म्हणणं आहे. मला तिने हे दाखवलं, समोरचं नाव अंगठ्याने झाकून. उत्तरात दिव्याने विचारलं, "म्हणजे कोणीतरी ओळखलं?" वहिनीने लिहिलं, तुला नाही गं, मला. पण भ्यालेल्या माणसाला पुढचं ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी दीपस्तंभावर अंधार होता. दिवा बंदर सोडून गेली, कुठलीही खूण न ठेवता. भरतीला जहाजं एकामागून एक खडकावर गेली. कप्तानाने वहिनीला लिहिलं, "चष्मा, तू आमच्याबद्दल लिहिलंस आणि आमचा दिवा गेला. थोडे दिवस येऊ नकोस." थोडे दिवस म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. भाजी ढवळताना तिचा डावा हात अजूनही मध्येच साखरेच्या डब्याकडे जातो.

मार्गदर्शक बाईंनी फोन केला. वहिनीला वाटलं, त्या काही मार्ग काढतील. त्या म्हणाल्या, मी तुझ्या यजमानांशी बोलते. बोलल्याही. दादाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवून म्हणाला, "शिक्षक विद्यार्थ्याचीच बाजू घेणार." त्याच आठवड्यात परीक्षकांचा लेखी अभिप्राय आला. त्यात खास नमूद केलं होतं की संशोधिकेने सहभागी व्यक्तींची ओळख अत्यंत कौशल्याने लपवली आहे. वहिनीने तो मला वाचून दाखवला आणि हसली. मला हसू आलं नाही. मला तो कागद फाडावासा वाटला.

एकदा कपडे वाळत घालताना मी तिला धरलंच. "मला तरी सांग. कोण होती ती?"

"नाही सांगणार."

"कसली सून आहे ती, एवढी? तुझ्या गळ्याला फास लागला आणि ती पळून गेली!"

वहिनीने चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली. चादर पिळता पिळता म्हणाली, "सून नाहीये ती. एवढंच सांगते. सून मी केली तिला."

माझे हात थांबले. "मग कोण? पोटची?"

तिने चादर तारेवर टाकली आणि चिमटे लावायला लागली.

"अगं पण मुलगीच ठेवायचीस मग! का बदललंस?"

"मुलगी ठेवली असती तर तिच्या भावंडांनी ओळखलं असतं. आणि बाकी कुणाला खरं वाटलं नसतं." ती जराशी थांबली. "सून केली की कुणालाही पटतं, वन्सं."

मी दादाला सांगितलं, ती बाई सूनच नाहीये, मुलगी आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. "मुलगी असं म्हणेल आईबद्दल? काहीतरीच."

मला त्याला सांगावंसं वाटलं की म्हणेल. आई रात्रंदिवस हाका मारायची त्या सुरुवातीच्या दिवसांत माझ्याही मनात काय काय येऊन गेलंय, ते त्याला ऐकवावं. तोंडाशी आलं होतं. पण तो नामंजूर लिहून मोकळा झाला होता.

दादा आता पूर्वीसारखा बोलतो, म्हणजे मोजे विचारतो. घर सोडून जा असं कोणी वहिनीला म्हटलं नाही. तिच्याशिवाय या घराचं पान हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती जाड प्रत दादाने कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या सूटकेसमागे टाकली. पदवीचा कागद वहिनीने दुकानात नेऊन ठेवलाय, भिंगांच्या खोक्यांखाली.

डबा अजूनही तीच भरते. मला त्या गोळ्यांतलं काही कळत नाही, एकदा मी भरला तर दाबाच्या गोळ्या दोन खणांत डबल पडल्या होत्या. वहिनीच्या लक्षात आलं म्हणून बरं. स्वयंपाकघरात ती वेळेवर गोळ्या काढते, वाटीत ठेवते, पाणी कोमट करते, आणि वाटी माझ्या हातात देते. मी पुढच्या खोलीत जाते. आई दाराकडे बघते, मीच आहे याची खात्री करते, आणि न सांगताच आ करते. वहिनी दाराआड उभी असते. गिळली का, ते मी तिला मान हलवून सांगते.

काल आईने गोळी गिळली, उजव्या हाताने माझा हात धरला आणि म्हणाली, "शेवटी पोटच्या पोरीच्या हातची गोष्टच वेगळी. तुझ्या हातची गोळी कशी लगेच लागू पडते बघ."

वाटी विसळायला मी आत गेले, तर वहिनीने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच विसळली.